मायचा खांदा, आखाजीचे मांडे

मी शाळेत पी.टी. शिकवते, जामनेर तालुक्यातल्या पहूरला. हे मी ताठ मानेनं सांगते, कारण माझ्या वतीनं इतर कुणी ते कधी ताठ मानेनं सांगितलं नाही. लग्न जमवताना पाहुण्यांना "मुलगी शाळेत आहे" एवढंच सांगितलं होतं. विषय कोणता, ते साखरपुडा झाल्यावर हळूच कळू दिलं. शाळेतही गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिला बळी जातो तो माझ्या तासाचा. सुरुवातीला मी भांडायचे. आता सरळ वर्गाच्या दारात जाऊन शिट्टी वाजवते आणि पोरांना मैदानावर घेऊन जाते. गणिताचे सर हातात खडू धरून बघत राहतात.

दर जूनला नव्या वर्गाला मी एकच प्रश्न विचारते. तंदुरुस्त म्हणजे कसं? पोरी म्हणतात, बारीक असणं. पोरं दंड फुगवून दाखवतात. दोन्ही उत्तरांचा मला सारखाच राग येतो. मग मी सांगते, की छातीत दम लागतो, अंगात ताकद लागते, ती ताकद बराच वेळ टिकावी लागते, सांधे मोकळे वळावे लागतात, आणि शरीरावर मांस किती नि चरबी किती याचाही मेळ लागतो. यातलं एक लंगडलं की बाकीची चार त्याच्या मागं लंगडतात. हे वाक्य मी इतक्या वर्गांना ऐकवलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. आणि ज्या बाईला ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, ती शिरपूरजवळच्या आमच्या गावात उजवा हात पोटाशी धरून बसली होती. मला पत्ता नव्हता.

ती बाई म्हणजे माझी माय.

मायची गावात ओळख मांड्यांची. खानदेशाबाहेरच्या माणसाला मांडा समजावून सांगावा लागतो. पुरण भरलेला गोळा पोळपाटावर जेमतेम वाटीच्या तोंडाएवढा करायचा, पुढचं सगळं हातांवर. या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत झुलवत झुलवत तो वाढवत न्यायचा आणि हातभर झाला की पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झोक्यात पसरायचा. खाली लाकडांचा जाळ. हात जरा अडखळला की मांडा फाटतो आणि पुरण खापरावर जळतं. गावात पोळ्या सगळ्याच करतात, खापरावर बसणाऱ्या दोन-तीनच. लग्नघरी मायसाठी आधी पाट मांडला जायचा, मग चूल पेटायची. मी पळण्यात जिल्ह्यापर्यंत गेले, पण मांडा मला कधी जमला नाही. घाई नडते.

नाना, म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता गेले. त्याआधी पाच महिने अर्धांगवायूनं ते खाटेवर होते. नाना धिप्पाड, माय काडीची. तरी त्यांना कुशीवर वळवणं, बसवणं, न्हाऊ घालणं तिनं एकटीनं केलं. मी सुट्टीला गेले की मदत करायचे आणि दोन दिवसांत माझी पाठ बोलायला लागायची. दंड-बैठका काढणारी मी! मायनं मात्र कधी पाठीवर हात ठेवून हुश्श केलेलं मी पाहिलं नाही. पडून राहून होते तशी एकही जखम नानांच्या पाठीला शेवटपर्यंत झाली नाही. डॉक्टरनं तसं बोलून दाखवलं तेव्हा मला पदक मिळाल्यासारखं वाटलं होतं.

नाना गेले आणि आमच्याकडे जे होतं ते झालं. मायला कोपऱ्यात सतरंजीवर बसवलं. भेटायला बाया येत, गळ्यात पडत, रडत, जात. सगळ्यांनी तिच्या हातातली कामं काढून घेतली. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी तिला उचलू देईना. "अक्का, तुम्ही बसा," असं म्हणण्यात सगळ्यांची माया होती. शेजारच्या भिंतीला भिंत लावून राहणारी माझी धाकटी काकू तर दोन्ही घरचा स्वयंपाक करत होती. दिवस उलटले, पण मायला बसवून ठेवायची सवय कुणाची मोडली नाही. तिचा उजवा खांदा नानांना उचलून आधीच दुखावलेला होता. तो दुखतो म्हणताच काकूनं ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवला आणि वर लसणाचं तेल चोळलं. पाच महिने माणूस उचलणारा हात पुढचे तीन महिने झोळीत झोपून राहिला. कुणीही वाईट वागलं नाही. सगळे चांगले वागले म्हणूनच तो हात गेला.

संक्रांतीला मी गेले तेव्हा झोळी काढून ठेवलेली होती. मला दिसू नये म्हणूनच, दिवाळीतही तशीच काढली होती. माय म्हणाली, "वरना डबा काढी दे व माय." फळी तिच्या डोक्याच्या किंचित वर. एरवी तिथली वस्तू मागितली तर ती माझ्या आधी पोचायची. मी डबा दिला, विसरले. मग काकू फणी घेऊन आली आणि मायच्या मागे बसून तिचे केस विंचरू लागली. माय मान खाली घालून बसली होती. मी विचारलं, "कधीपासून?" काकू म्हणाली, "दिवाळीथाईन मीच करस. तिना हात मांगे जास नही."

मी शाळेत दोनशे पोरांच्या रांगेतून कोण लंगडतंय ते लांबून सांगते. पोरगी बूट घासत चालली तरी मला कळतं. आणि दिवाळीत मी चार दिवस या घरात राहून गेले होते, मायच्या हातचा चहा पिऊन. तो चहा ती डाव्या हातानं देत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उगाच काकूवरच ओरडले.

"हात वर कर," मी मायला म्हटलं.

"कसाले?"

"कर ना."

तिनं केला. छातीपर्यंत आला आणि अडला. तिनं आणखी जोर लावला तर हाताऐवजी अख्खा खांदाच कानाकडे सरकला. मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आखाजी कवय शे?"

तिला काय विचारायचंय ते मला कळलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात आणि पुढ्यात नैवेद्य ठेवतात. नानांची ही पहिली घागर होती. काकू समजुतीनं म्हणाली, की आता मांडे शिरपूरला विकत मिळतात, छान असतात, मागवू. मायनं तिच्याकडे असं पाहिलं की काकूची फणी थांबली.

"त्यासनी पहिली घागर शे," माय म्हणाली. "इकतना मांडा ठेवू का मी?"

दुसऱ्या दिवशी तिची पिशवी भरली आणि तिला पहूरला घेऊन आले. वाटेत जळगावला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो काढला, हात फिरवून पाहिला. म्हणाले, हाड चांगलं आहे, खांदा आखडलाय; दुखतो म्हणून हलवला नाही आणि हलवला नाही म्हणून आखडला. व्यायाम करावा लागेल. मी विचारलं, आखाजीपर्यंत सुटेल का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. काहींना वर्ष लागतं." माय बाहेर येऊन म्हणाली, "डाक्टरले आखाजी काय समजस."

व्यायाम म्हटल्यावर मला आपलंच राज्य आलं असं वाटलं. पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या तिच्या हातात दिल्या आणि अंगणात उभी करून शिट्टी वाजवली. होय, मायला. तिनं बाटली खाली ठेवली आणि म्हणाली, "मी तुनी माय शे, शायमाधली पोर नही." तरी तिनं केलं. तीन दिवस दात खाऊन केलं. चौथ्या दिवशी हात पोटाशीसुद्धा हलेना आणि माय माझ्याशी बोलेना.

डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाले, मॅडम, कडी गंजलीय. आधी तेल घालून हलवा, वजन नंतर टांगा. मला झोंबलं ते असं, की हे मी स्वतः वर्गात शिकवते. सांधा मोकळा नसेल तर ताकद लावायची कुठे? पण आपल्या माणसावर वेळ आली की शिकवलेलं सगळं विसरून माणूस ताकदीच्याच मागे लागतो. मी मायची माफी मागितली. तिनं "चहा ठेव" म्हटलं, म्हणजे माफ केलं.

मग खरं काम सुरू झालं, आणि ते दिसायला अगदी क्षुल्लक होतं. सकाळी गरम पाण्यानं खांदा शेकायचा. वाकून हात मोकळा सोडायचा आणि पाळण्यासारखा झुलवायचा. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चढवायची. जिथं अडेल तिथं मी कोळशानं रेघ मारायची. माझ्या नवऱ्यानं विहिरीची जुनी कप्पी दारावर टांगून दिली. डाव्या हातानं दोर ओढला की उजवा वर जायचा. रेघ कधी दोन दिवसांत बोटभर वर सरकायची, कधी आठवडाभर हलायची नाही. माय रडायची. हुंदका नाही, आवाज नाही, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि बोटं भिंतीवर चढताहेत. मी तोंड फिरवून उभी राहायचे. दुपारी शाळेतून आले तर भिंतीवर कोळशाच्या नव्या खुणा असायच्या. माझ्या मागे ती एकटीच करत होती.

जेवणावरून मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. नाना गेल्यापासून ती एकवेळ जेवत होती, तेही भाकर आणि ठेचा. बारीक आहे म्हणून शेजारणी कौतुक करत. मी त्या शेजारणींना सुनावलं, की बारीक आहे म्हणजे धड आहे असं नसतं. दंडाला नुसतं कातडं आहे, मांस कुठंय? ज्याला ताकद म्हणतात ती मांसातच राहते. मायला म्हटलं, चुलीत लाकूड नाही तर खापर तापेल का? तिनं ताट पुढे ओढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, उडदाची डाळ, भिजवलेले शेंगदाणे आणि कपभर दूध असं दोन वेळा सुरू झालं. दूध ती नाक धरून प्यायची.

होळीपर्यंत रेघ तिच्या कपाळापर्यंत पोचली. मग मी पंचा ओला केला, पिळला आणि तिच्या हातावर टाकला. म्हटलं, हा मांडा समज आणि झुलव, मी मोजते.

"येडी व्हयनी का तू?" ती म्हणाली. पण पंचा हातावर पडला आणि तिचे हात आपोआप चालायला लागले. कोपरं बाहेर, मनगट सैल, मान किंचित कलती. किती महिन्यांनी मी तिला त्या रूपात पाहत होते! माझी छाती भरून आली आणि मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, मोजत राहा, बोलू नको.

पाडव्याच्या आदल्या दिवशी खरी परीक्षा घेतली. शेजारून खापर आणलं, अंगणात चूल मांडली, कणीक तिनंच तिंबली. पहिला मांडा पातळ, गोल, एकही भोक नाही. दुसरा, तिसरा तसाच. मी नाचायचीच बाकी होते. चौथ्याला तिचा चेहरा लाल झाला, श्वास तोंडानं सुरू झाला. पाचवा हातावरून घसरला आणि अर्धा खापरावर, अर्धा राखेत पडला. तिनं परातीतला उरलेला गोळा ढकलून दिला.

"बठ्ठं वाया गयं. इकतनाच आन," म्हणाली आणि आत गेली.

मी त्या धुरात बसून राहिले. रागही आला होता, पण कुणावर काढणार? मग आठवून पाहिलं. घसरला तेव्हा खांदा अडला नव्हता. हात पुरेसा वर होता. सुटला होता तो श्वास. खांदा मी सोडवला, पण बाई काही नुसत्या खांद्यानं मांडे करत नाही. दोन तास जाळासमोर बसायचं, पाठ ताठ ठेवायची, वाकायचं, वळायचं. त्याला छातीत दम हवा, कंबरेत जोर हवा. सहा महिने ती घराबाहेर शंभर पावलंसुद्धा चाललेली नव्हती. मी पुन्हा एकाच गोष्टीच्या मागे लागले होते.

आत जाऊन मी हे सगळं मायला सांगितलं, जसं वर्गाला सांगते तसं, पण शिट्टीशिवाय. ती ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "कितला दिन शेतस?" मी म्हटलं, महिना आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ती मैदानावर हजर. डोक्यावर पदर, पायात माझे कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या आणि धाप. आठवड्यानं पाच. मग मी तिला एक फेरी सावकाश, एक झपझप अशी चालवली. पाटावरून जमिनीला हात न लावता उठायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं. बाटल्या पुन्हा निघाल्या, आधी पाव भरलेल्या, मग अर्ध्या. ओल्या पंच्याचे झोके शंभरावर गेले. माझ्या वर्गातल्या पोरी तिला येता-जाता "आजी, किती झाल्या?" विचारायच्या आणि ती एक फेरी वाढवून सांगायची. गणिताचे सरसुद्धा एकदा कठड्याशी उभे राहून बघून गेले. त्या महिन्यात मला माझ्या नोकरीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्याच चषकानं वाटला नव्हता.

आखाजीच्या दिवशी गावच्या अंगणात चूल पेटली. ऊन सकाळीच तापलं होतं. घरात नानांची घागर भरून ठेवलेली, तिच्यावर खरबूज, शेजारी आंबे. भाऊबंद धरून एकवीस मांडे लागणार होते. घागरीपुढे एकच पुरतो. मी मायच्या कानात म्हटलं, "एक कर, बाकीना काकू इकतना लई येई." तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. पाट ओढला, बसली, गोळा उचलला.

मी मागे उभी राहून मोजत होते. पहिला घागरीचा. तो तिनं कुणाला हात लावू दिला नाही. पाचवा गेला, सहावा गेला. दहाव्याला तिनं पदरानं मान पुसली आणि दोन खोल श्वास घेतले, मैदानावर वळणाशी घ्यायची तसे. तेराव्याला हात अडखळला. कडेला भोक पडलं, बोटभर.  तिनं मनगट किंचित वळवलं, भोकाची बाजू वर घेतली आणि मांडा खापरावर पसरला तेव्हा ते भोक दुमडीत गेलं. सोळाव्यानंतर तिनं पाणी मागितलं, घोटभर प्यायली.  तिचा हात अजूनही पूर्ण वर जात नव्हता, चार बोटं कमीच होता, आजही आहे. पण मांड्याला लागतो तेवढा तो जात होता, पुन्हा पुन्हा जात होता, आणि एकविसावा मांडा खापरावर पडला तेव्हा मी रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

माय पाटावरून उठली. जमिनीला हात लावला नाही. पहिला मांडा ताटात घेऊन ती आत गेली, घागरीपुढे ठेवला, डोकं टेकलं. काकू तिच्या मागे उभी होती. तिचे डोळे भरले होते. ती हात जोडून म्हणाली, "अक्का, नानासनीच वरतीन तुमले हात दिन्हा."

मायनं मान वळवली.

"जव्हय जित्ता व्हतात, तव्हय कधी पानीना तांब्या उचला नही त्यासनी. आते वरतीन हात देतीन? हाऊ हात मना शे. मी वर कया, रोज सकायमा, रडी रडी."

काकूनं जीभ चावली. मी मात्र भरल्या घरात, नानांच्या घागरीसमोर, मोठ्यांदा हसले.